केळीच्या पानातले शिंपले

डॉ. ज्योत्स्ना झांबरे यांचा विषय विष हा आहे, आणि बाई इतक्या मऊ बोलतात की नव्या माणसाला ते खोटंच वाटतं. धुळ्यातल्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवतात. शेतात फवारलेलं औषध पावसाबरोबर नदीत उतरलं की तिथल्या जिवांचं काय होतं, हे शोधण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. शोधायची रीत सरळ आहे. काचेच्या टाक्यांत नदीतले शिंपले ठेवायचे, टाकीगणिक औषध थोडं थोडं वाढवत न्यायचं, आणि कोणत्या टाकीत निम्मे शिंपले मरतात ते बघायचं. एका टाकीत मात्र नुसतं स्वच्छ पाणी. तिथल्या शिंपल्यांना काम काही नसतं. ते बसून राहतात आणि बाकीच्यांची तुलना त्यांच्याशी होते. सगळा शोध त्या बिनविषाच्या टाकीवर उभा असतो. बाई दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना हेच सांगत. विष घालणं कुणालाही जमतं, म्हणत. न घालणं अवघड.

कॉलनीत हे शास्त्र जरा वेगळ्या रूपात पोचलं होतं. उंदरांसाठी कोणत्या गोळ्या चांगल्या, हे विचारायला बायका त्यांच्याकडे येत, आणि बाईंना ते सांगता आलं नाही की त्यांच्या पीएचडीविषयी मनात शंका घेऊन परत जात. त्यांचे यजमान ललितराव त्यांच्या हातचा चहा रोज दोनदा निर्धास्त पितात, याचंही कॉलनीला कौतुक होतं.

अशा रीतीने मारलेल्या शिंपल्यांवर आणि माशांवर बाईंचे चाळीसेक शोधनिबंध छापून आले. शोधनिबंध छापून येणं ही निम्मी गोष्ट. तो दुसऱ्या कुणी वाचावा, आणि वाचल्याची खूण म्हणून आपल्या निबंधाच्या शेवटी त्याचा उल्लेख करावा, ही उरलेली निम्मी. हल्ली त्या उल्लेखांची मोजदाद संगणकावर होते आणि माणसाला एक आकडा चिकटतो. ज्याचे दहा निबंध इतरांनी निदान दहा-दहा वेळा उल्लेखले, त्याचा आकडा दहा. कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे कुंदन सोनवणे सर यांना सगळ्या स्टाफचे आकडे तोंडपाठ होते. मागच्या पिढीतले लोक जशी सोयरीक सांगायचे, तसे ते चहा पिता पिता कुणाचाही आकडा सांगत.

ज्योत्स्नाबाईंचा आकडा सहा होता. वाईट नव्हता, मिरवण्यासारखाही नव्हता. त्यांच्या निबंधांचे उल्लेख मुख्यतः त्यांचे विद्यार्थी करत, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी करत, आणि मागे कुणीच उरलं नाही की त्या स्वतः करत. अपवाद एकच होता. त्यांच्या सगळ्या लेखनात जे सगळ्यांत लहान, जेमतेम अडीच पानांचं टिपण होतं, ते जगभर दोनशेहून जास्त वेळा उल्लेखलं गेलं होतं. बाकीचे सगळे निबंध एका पारड्यात घातले तरी ते वर जायचे. आणि त्या टिपणात विष नव्हतंच. शिंपले जिवंत कसे ठेवावेत, याचं ते टिपण होतं.

त्याचं असं झालं. बाईंचं माहेर सावद्याचं. शिंपले मिळत ते तिकडे हतनूर धरणाच्या फुगवट्यात, आणि प्रयोगशाळा धुळ्याला. नव्या नोकरीतल्या दिवसांत बाई बादलीत पाणी घालून शिंपले एसटीने आणत. चैत्रा-वैशाखातलं खानदेशचं ऊन. भुसावळ सोडलं की पाणी कोमट, जळगावला चहाच्या आधणाइतकं, आणि पारोळ्याच्या पुढे जिवंत शिंपला सहसा आला नाही. प्रयोगशाळेत काम करणारे भटू अण्णा बादली उघडून आत डोकावत आणि अहिराणीत विचारत, "मॅडम, यास्ले मारासाठेच आनेल शेतस ना? मंग वाटमा मरी ग्यात ते काय बिघडनं?"

मारायलाच आणलेले शिंपले वाटेत मेले तर का चालत नाही, हे त्यांना समजावून सांगणं कठीण होतं.

मग एका सुट्टीत बाईंनी सावद्याला वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, बागेतून केळीची पानं घेतली, ओली केली, त्यात शिंपले गुंडाळले आणि बोचकं मांडीवर घेऊन बसल्या. ट्रकमध्ये घडांना गरमी आणि धक्का लागू नये म्हणून खाली-वर पानं पसरतात, हे त्यांनी जन्मापासून पाहिलेलं. तेच त्यांनी शिंपल्यांना लावलं. धुळ्याला सगळे शिंपले जिवंत उतरले. तेवढंच बाईंनी लिहिलं. शेवटचं वाक्य होतं की या रीतीने शिंपले जिवंत आणि निरोगी पोचतात. त्यांचे जुने गुरू नासीर सर जळगावला मेहरूणमधल्या आपल्या घरून वर्षातून दोनदा एक लहानसं शोधपत्र काढत. त्यात एक जागा रिकामी होती, तिथे ते टिपण गेलं. पुढे ते कसं कुणास ठाऊक, पण उष्ण मुलखात जो कुणी शिंपले इकडून तिकडे नेई तो त्याचा उल्लेख करू लागला. व्हिएतनामपासून ब्राझीलपर्यंत.

बाईंना आधी त्याचा रागच यायचा. पुढे पुढे त्या हसायला लागल्या. "मारायचं कुणी विचारत नाही हो सर," त्या कुंदन सरांना म्हणत, "जगवायचं तेवढं विचारतात."

"विचारतात ना? मग झालं," कुंदन सर म्हणत. "मुलाखतीत मोजताना मेलेले वेगळे आणि जिवंत वेगळे असं थोडंच करतात?"

मुलाखत होती प्रोफेसरपदाची. जुलैत होणार होती. बाईंना ती बढती हवी होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं.

मार्चअखेर ब्राझीलहून एक मेल आलं. लिहिणारी तिथल्या एका विद्यापीठातली संशोधक होती. भाषा अतिशय नम्र. आम्ही अनेक वर्षं आपली पद्धत वापरतो. परंतु आमच्या बिनविषाच्या टाकीतले शिंपलेच अलीकडे थोडे विष घेतल्यासारखे वागताना दिसले. शोध घेतला, तेव्हा आम्ही वापरलेली केळीची पानं फवारलेल्या बागेतली निघाली. आपल्या टिपणात पानं कुठली होती याचा उल्लेख नाही. ती न फवारलेली होती, एवढं कळवाल का?

बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या. पानं कुठली होती हे त्यांनी लिहिलं नव्हतं, कारण पान कुठलं हा प्रश्न सावद्याच्या माणसाला पडत नाही. पान हात लांबवला की मिळतं. पाण्याची मात्रा, उन्हाचं तापमान, शिंपल्यांची लांबी, सगळं त्यांनी काटेकोर टिपलं होतं. औषधाचे थेंब जिवाला काय करतात यावर जन्म काढलेल्या बाईने आपले बिनविषाचे शिंपले बागायतदाराच्या बागेतल्या पानात गुंडाळून आणले होते आणि त्यावर एक ओळही लिहिली नव्हती.

पान फवारलेलं असेल तर नुसतं टिपणच जात नव्हतं. त्या पानांतून आलेल्या शिंपल्यांवर त्यांचे पुढचे पंधरा-वीस निबंध उभे होते.

कुंदन सरांनी मेल वाचलं आणि दार लोटून घेतलं. "मॅडम, उत्तर देऊ नका."

"असं कसं?"

"म्हणजे द्या. पण मुलाखतीनंतर द्या. ब्राझील कुठे पळून चाललंय? लोक सहा-सहा महिने उत्तर देत नाहीत, कुणी काही म्हणत नाही. उलट फार कामात असतील असं वाटतं."

"आणि पान फवारलेलं असलं तर?"

"तर तुम्ही प्रोफेसर होऊन सांगाल. जास्त वजन पडेल."

सल्ला वाईट नव्हता. बाईंनी त्यावर दोन दिवस मनापासून विचार केला. अडचण एवढीच होती की जूनमध्ये नवी मुलं येणार होती, त्यांच्यापुढे पहिल्या तासाला उभं राहायचं होतं, आणि तिथे त्या काय बोलतात ते सगळ्या कॉलेजला पाठ होतं. त्यांनी ब्राझीलला कळवलं की पानांचं मला आज सांगता येत नाही. विचारून आणि तपासून सांगते. मग सावद्याची गाडी धरली.

आबा, म्हणजे तोताराम भंगाळे, ऐंशीला आलेले. पण कटाई असली की बागेत हजर. ट्रक भरत होता. आबा बांधावर बसून घड उचलणाऱ्यांच्या चुका काढत होते आणि शेजारी सुनंदाबाई, बाईंच्या आई, त्यांच्या चुका काढत होत्या.

"आबा, मी शिंपले न्यायची तेव्हाची पानं आठवतात का तुम्हाला?"

"आठोतात म्हंजे? तुह्यासाठी निवडून ठेवत व्हतो मी. फाटकं एक नही."

"त्यांच्यावर फवारणी झाली होती का?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "कोन म्हने नही झाली?"

"कुणी म्हणत नाही. मी विचारते."

"नही, नाव सांग त्याचं. तोतारामच्या बागात फवारनी चुकली म्हनते कोनी? आख्ख्या शिवारात इचार, माह्या बागात करपा पाह्यला का कोनी! करप्याचं औषध, किडीचं औषध, बठ्ठं टायमावर. लोकं माह्यं पाहून फवारत."

"आबा, फवारली असली तर माझा घोळ होतो."

"घोय कायचा? न फवारता केयी येते का? तुह्या शिंपल्याईच्या पायी मी बाग करपू देऊ?"

सुनंदाबाई मध्ये बोलल्या, "मी म्हनलं व्हतं पानं धुवून देऊ. तं हे म्हने, शिंपल्याईची पंगत बसवते का?"

"आन धुतल्यानं गेलं असतं का ते?" आबांना आता चांगलाच जोर आला. "स्टिकर टाकतो आम्ही त्याच्यात, चिकटून राहाले. पानी मारल्यानं गेलं असतं तं फवारलं कायले?"

हे इतकं शास्त्रशुद्ध होतं की बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. ते पाहून आबांचा सूर उतरला. "पन हे इचारलं कोनी?"

"ब्राझीलहून विचारलंय."

"ब्राझीलले कसं मालूम पडलं माह्या बागाचं?" आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत ही बातमी सावद्यात सगळीकडे झाली होती. फक्त ती कौतुकाची म्हणून झाली होती.

फवारणी झाली होती, आणि उन्हाळ्यातल्या त्या पानांवर ती हिवाळ्यातली होती, हे ठरलं. तिचा परिणाम किती, हे आता आबांना विचारून कळणार नव्हतं. बाईंनी जुनाच प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं. थोडे शिंपले आबांच्या बागेतल्या, हिवाळ्यात फवारलेल्या पानांत बांधायचे. थोडे ताज्या फवारलेल्या पानांत. थोडे तीच पानं धुऊन. थोडे ओल्या गोणपाटात. आणि थोडे कधीच न फवारलेल्या पानांत. शेवटच्या पानांनी घाम काढला. रावेर तालुक्यात न फवारलेलं केळीचं पान मागत फिरणाऱ्या बाईकडे लोक संशयाने पाहत. एका बागायतदाराने तर, मॅडम, असं आमच्याकडे काही चालत नाही, म्हणून हात जोडले. शेवटी मुक्ताईनगरला मावशीच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली चार झाडं सापडली.

"फवारलं-बिवारलं काही नही," ताईबाई मावशी म्हणाल्या. "पन साबनाचं पानी जाते त्याले. चालीन ना?"

बाईंनी साबणाचीही नोंद केली. या वेळी ती सुटणार नव्हती.

ललितराव गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाले. बाई नको म्हणाल्या. तेव्हा शिंपले एसटीने आले होते, तर आताही एसटीनेच यायला हवेत. जळगावला कंडक्टरने पाचही बोचक्यांकडे बोट केलं.

"मावशी, काय आहे यात?"

"शिंपले."

"जिवंत?"

"तेच बघायचंय."

कंडक्टरने शेजारची सीट धुळ्यापर्यंत रिकामी ठेवली.

धुळ्याला सगळी बोचकी जिवंत उतरली. भटू अण्णांनी त्यांना पाण्यात सोडलं आणि म्हणाले, "बठ्ठा जिवता शेतस, मॅडम. मंग आते रडस काबर?" बाई रडत नव्हत्या, उन्हाने डोळ्यांना पाणी येत होतं. पण जिवंत असणं पुरेसं नव्हतं. शिंपल्याच्या अंगात एक एन्झाइम असतं. विषाची नुसती चाहूल लागली तरी ते खाली येतं, मग शिंपला वरून कितीही धडधाकट दिसो. पुढचा महिना बाई तेच मोजत राहिल्या.

ताज्या फवारलेल्या पानांतल्या शिंपल्यांत ते धाडकन खाली आलं होतं. धुतलेल्या पानांतही जवळजवळ तितकंच. स्टिकरच्या बाबतीत आबांचं खरं निघालं. हिवाळ्यात फवारलेल्या पानांत, म्हणजे बाईंनी त्या वर्षांत वापरली तशाच पानांत, ते थोडं खाली होतं. जास्त नाही, पण होतं. गोणपाट आणि मावशीची पानं मात्र निर्दोष सुटली, साबणासकट.

म्हणजे बाईंची बिनविषाची टाकी इतकी वर्षं पुरती बिनविषाची नव्हती. बाईंनी ते आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासले. मग त्यांच्या ध्यानात आलं की चुकीलाही एक दिशा असते. ज्यांच्याशी तुलना केली ते शिंपलेच थोडे आजारी होते. म्हणजे औषधांनी केलेलं नुकसान त्यांच्या निबंधांत होतं त्यापेक्षा कमी दिसलं होतं. औषधं वाईट आहेत हे त्या आजवर सांगत आल्या होत्या, ते खोटं नव्हतं. त्यांनी ते फक्त जरा सौम्य करून सांगितलं होतं. हे कळल्यावर बाई त्या दिवशी दुपारचं जेवण नीट जेवल्या.

दुरुस्ती लिहायला एक पान पुरलं. पानं कुठली, कुणाच्या बागेतली, केव्हा फवारलेली. 'निरोगी' हा शब्द मागे घेतला आहे. पान न फवारलेलं असल्याची खात्री नसेल तर गोणपाट वापरावं. माझ्या अमुक निबंधांतले आकडे या हिशेबाने वाचावेत. ते घेऊन बाई मेहरूणला नासीर सरांकडे गेल्या. सरांनी चष्मा बदलून ते दोनदा वाचलं. आत त्यांच्या पत्नी आबेदा मॅडम सरबत करत होत्या.

"आपल्या शोधपत्रात आजवर एकही दुरुस्ती छापली नाही," सर म्हणाले.

"छापत नाही का सर?"

"कुणी दिलीच नाही. मला वाटायचं आपण फार अचूक छापतो." त्यांनी कागद जूनच्या अंकाच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. "मुलाखत कधी आहे तुझी?"

"जुलैत."

"मग ऑगस्टपर्यंत थांबू का? अंक उशिरा निघतो, त्याची सगळ्यांना सवय आहे."

"नको सर."

"मी आपलं विचारलं," सर म्हणाले आणि सरबताचा पेला पुढे केला.

कुंदन सरांनी अंक पाहून कपाळाला हात लावला. "मॅडम, आपल्याच फायलीत आपणच भोक पाडलं तुम्ही. आता निदान मुलाखतीत तो विषय काढू नका." बाईंनी दुरुस्ती फायलीत पहिल्या पानावर लावली. मागे लावली असती तर समितीतले लोक तिथवर पोचले नसते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. आबांना मात्र निकाल ऐकून फार बरं वाटलं होतं. "हिवायातलं औषध उन्हायापर्यंत पुरलं," ते फोनवर म्हणाले. "माह्यं औषध अस्सल राह्यते, ज्योती. लोकाईचं पाह्य."

मुलाखतीला पाच जण होते. चौघांनी शिकवणं, विद्यार्थी, पुढचे बेत असं विचारलं. पाचवे विषयतज्ज्ञ होते, नांदेडकडचे, वयाने बाईंच्याच बरोबरीचे. ते पहिलंच पान उघडून बसले होते आणि ते उलटतच नव्हते. बाईंनी ओळखलं की प्रश्न येणार तो इथूनच.

"मॅडम, ही दुरुस्ती तुम्ही स्वतः दिलीत?"

"हो सर."

"कुणी तक्रार केली होती?"

"तक्रार नाही. एकींनी विचारलं होतं."

"याने तुमच्या किती निबंधांना बाधा येते?"

"अठरा. यादी खाली आहे सर. प्रत्येकात आकडा साधारण किती सरकेल, तेही दिलंय."

तज्ज्ञांनी यादी पाहिली. मग अध्यक्षांकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव राहिला नव्हता. दवाखान्यात बाकावर बसलेल्या माणसाचा आला होता.

"आम्हीही तुमचीच पद्धत वापरली आहे," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "बरीच वर्षं. पानं आमची अर्धापूरची. बागेतलीच."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

"ती फवारलेली असतील का हो?" तज्ज्ञांनी विचारलं.

"बाग चांगली होती का सर?" बाईंनी विचारलं.

"उत्तम होती."

"मग असतील."

तज्ज्ञांनी पेन काढलं आणि दुरुस्तीच्या कडेला गोणपाट असं लिहून घेतलं. पुढची दहा मिनिटं मुलाखत कोण कुणाची घेत होतं हे सांगणं अवघड होतं: गोणपाट किती वेळा ओलं करायचं, एन्झाइम पहिल्या दिवशी मोजायचं की तिसऱ्या, जुने आकडे सरकवायचे तर कोणत्या हिशेबाने. बाई एकेक सांगत गेल्या. त्यांना त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटत होतं. बढती पुढे रीतसर मिळाली. ती मिळणारच होती असं कुंदन सर आता सांगतात, आणि दुरुस्ती फायलीत वर लावायचा सल्लाही आपलाच होता असं म्हणतात. बाई त्यांना दुरुस्त करत नाहीत.

त्या दिवशी खोलीतून उठता उठता तज्ज्ञांनी शेवटचं विचारलं, "म्हणजे मला त्या बागायतदाराला जाऊन विचारावं लागेल?"

"हो. पण सर, जरा जपून विचारा," बाई म्हणाल्या. "फवारलं होतं का, असं नका विचारू. दिवसभर ऐकून घ्यावं लागतं. केव्हा केव्हा फवारलं, एवढंच विचारा. ते आनंदाने सांगतात."